खाडीपलीकडचं हबसाण

मंडणगड तालुक्यातल्या वेसवीला गाडी फेरीबोटीत चढवायची, सावित्रीची खाडी ओलांडायची आणि पलीकडे बागमांडल्याला उतरायचं. हरिहरेश्वर-श्रीवर्धनकडे निघालेल्या रत्नागिरीकरांची ही नेहमीची वाट. पाणी खारं, वारा तोच, दोन्ही काठांवर माडा-पोफळींची तीच दाटी. पण १९४८ पर्यंत या खाडीच्या मधून एक सरहद्द जात होती. दक्षिणेला इंग्रजांचा रत्नागिरी जिल्हा आणि उत्तरेला जंजिऱ्याच्या नवाबाचं राज्य. बागमांडल्याला पाऊल टाकलं की आपण अशा मुलखात शिरायचो, जिथल्या गादीवर बसणाऱ्यांचे पूर्वज इथिओपिया आणि त्याच्या आसपासच्या आफ्रिकेतून आले होते. आपल्या जुन्या कागदांत या प्रदेशाला 'हबसाण' म्हटलं आहे: हबशांचा मुलूख.

कोकणात आफ्रिकी राज्य! शाळेत जंजिरा शिकताना आपलं लक्ष एकाच प्रश्नावर खिळलेलं असतं: महाराजांना तो किल्ला का मिळाला नाही? त्या नादात त्याहून मोठं नवल हातून निसटतं. ज्यांना लहानपणी विकलं गेलं, ज्यांना परत जायला घर नव्हतं, ज्यांच्यामागे भाऊबंदकी सोडा, भाऊही नव्हते, अशा माणसांनी एका बेटावर राज्य उभं केलं आणि ते तीन शतकांहून अधिक काळ टिकवलं. निजामशाही बुडाली, आदिलशाही बुडाली, मोगलाई विरली, पेशवाई संपली. जंजिरा मात्र हैदराबाद-बडोद्याच्या पंगतीत, अगदी टोकाच्या पाटावर का होईना, इंग्रज जाईपर्यंत बसून होता.

ही माणसं आली कशी, ते आधी पाहू. तांबड्या समुद्रापलीकडच्या डोंगराळ मुलखातून मुलं पकडायची, अरबी बंदरांत विकायची, धर्म आणि नाव बदलून त्यांना हत्यार चालवायला शिकवायचं, हा कित्येक शतकं चाललेला व्यापार. हिंदुस्थानात मागणी होती ती शेतावर राबणाऱ्या हातांना नव्हे, लढणाऱ्या हातांना. चौदाव्या शतकात इब्न बतूता गुजरातच्या किनाऱ्यावरून निघाला तेव्हा त्याच्या गलबतावर पन्नास वल्हेकऱ्यांबरोबर पन्नास हबशी शिपाई होते. त्यानं नोंदवून ठेवलंय की या समुद्रावर सुरक्षिततेची हमी हेच लोक. एक जरी हबशी जहाजावर असला तरी चाचे वाट बदलतात. म्हणजे जंजिऱ्याच्या दीडशे वर्षं आधीच त्यांचा दर्यावरचा दरारा ठरून गेला होता.

आणि गुलाम म्हणून आलेला माणूस गुलामच राहील, असा तिथला नेम नव्हता. बंगालमध्ये पंधराव्या शतकाच्या अखेरीस काही वर्षं चक्क हबशी सुलतान गादीवर होते. अहमदाबादची ती दगडी जाळी, झाडाच्या फांद्यांसारखी कोरलेली, जिची चित्रं आपण कॅलेंडरांवर पाहतो, ती सिद्दी सय्यदच्या मशिदीतली, १५७३ मधली. आपल्या मराठवाड्याचं तर विचारूच नका. चापू नावाचा एक मुलगा इथिओपियात साधारण १५४८ ला जन्मला. मोख्याला विकला गेला, बगदादला विकला गेला, आणि शेवटी दख्खनेत निजामशाहीच्या चंगीझ खान या पेशव्यानं त्याला घेतलं. हा चंगीझ खानही हबशीच. तो मुलगा पुढे मलिक अंबर झाला. अकबर-जहांगीरच्या फौजांना त्यानं वर्षानुवर्षं दमवलं, औरंगाबादच्या जागी खडकी वसवली, जमीन मोजून सारा ठरवण्याची अशी पद्धत घालून दिली की पुढच्या राज्यकर्त्यांना तिचं नाव घ्यावंच लागलं. १६२६ ला तो वारला, तेव्हा तो दख्खनेतला सर्वांत बलाढ्य माणूस होता.

जंजिरा हे याच जगाचं एक टोक.

राजपुरीच्या खाडीच्या तोंडावर एक खडकाळ बेट आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे कोळ्यांचा मेढेकोट होता. मेढेकोट म्हणजे लाकडी ओंडके रोवून केलेली तटबंदी. चाच्यांपासून बचाव व्हावा म्हणून कोळ्यांच्या नायकानं, राम पाटलानं, तो उभारला. हा पाटील निजामशाहीला जुमानेना. मग काय झालं, याची गोष्ट मुरूडला होडी वल्हवणारा कुणीही सांगेल: पिरमखान नावाचा सरदार व्यापाऱ्याच्या वेषात आला, रेशीम आणि दारूची पिंपं उतरवून ठेवायला जागा मागितली, पाटलाला मेजवानीत दारू पाजली, आणि रात्री पेट्यांतून शिपाई बाहेर पडले. ट्रॉयच्या घोड्याची ही कोकणी आवृत्ती. पेट्या खऱ्या असोत-नसोत, बेट कोळ्यांच्या हातून गेलं हे खरं. नंतर बुऱ्हाणखानानं लाकडाच्या जागी दगड आणला. साधारण १५६७ ते १५७१ या काळात आज दिसतो तो कोट उभा राहिला.

इथे जरा नकाशा मोठा करून पाहा. त्याच सुमारास, १५६५ मध्ये, भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटाला तुर्कांनी प्रचंड आरमारानिशी वेढा घातला होता आणि तो फसला होता. माल्टावर राज्य कुणाचं? सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांचं. हे फ्रान्स, स्पेन, इटली अशा ठिकठिकाणांहून आलेले परके लोक. लग्न न करण्याचं व्रत, त्यामुळे बापानंतर मुलगा हा प्रकार नाही. आपला प्रमुख ते आपापसांतून निवडत. खाली प्रजा स्थानिक, भाषा वेगळी, वर मूठभर परदेशी लढवय्ये, आणि धंदा आरमाराचा. दोन बेटं, एकमेकांची बहुधा वार्ताही नसलेली, आणि राज्याचा सांगाडा जवळजवळ एकच. माल्टा १७९८ ला नेपोलियननं घेतलं. जंजिरा त्यानंतरही दीडशे वर्षं होता.

सांगाडा एकच म्हटला, कारण जंजिऱ्यातही गादी सुरुवातीला वारशानं चालत नव्हती. १६२० च्या सुमारास मलिक अंबरच्या काळात सिद्दी, म्हणजे हबशी, सरदार इथे पक्के बसले, आणि प्रमुख मेला की पुढचा ठरवायचा तो आरमाराच्या आणि किल्ल्याच्या मातब्बर सरदारांनी. कर्तबगारी पाहून, आपसांत बसून. मुलगा असला तरी त्याचा हक्क गृहीत नाही. ज्यांच्या आयुष्याची सुरुवातच कुळापासून तोडलं जाण्यानं झाली, त्यांनी कुळावर राज्य उभं केलं नाही, यात एक चोख तर्क आहे. याचा फायदा काय, ते १६७० च्या सुमारास दिसलं. शिवाजी महाराजांच्या वेढ्यानं टेकीला आलेला फत्तेखान बेट देऊन टाकायच्या बेतात होता. आपल्या कथांत तो प्रसंग हळहळून सांगितला जातो, आणि ते साहजिक आहे. पण सिद्दींच्या बाजूनं पाहा: संबूल, कासम आणि खैरियत या तीन सरदारांनी आपल्याच प्रमुखाला कैद केलं आणि राज्य पुढे चालवलं. राजा फितला तरी राज्य फितलं नाही. त्या काळच्या किती राज्यांबद्दल हे म्हणता येईल?

आता तो शाळेतला प्रश्न. किल्ला का पडला नाही?

दगड हे उत्तर अर्धंच आहे. कोट पाण्यातून सरळ वर आलेला, चाळीसेक फूट उंच. उतरायला वाळूची पट्टी नाही. एकोणीस बुरूज. मुख्य दरवाजा राजपुरीच्या दिशेला, पण दोन बुरुजांच्या बेचक्यात असा दडवलेला की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तटात फट आहे हेच कळत नाही. दरवाज्याशी एक शिल्प आहे, पंजांत आणि शेपटीत हत्ती धरलेल्या वाघासारख्या पशूचं; मालकाला स्वतःबद्दल काय वाटत होतं ते त्यात आलं. आत कलाल बांगडीसारख्या अजस्र तोफा. आणि भोवती खारं पाणी असताना बेटाच्या पोटात गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव. कोकणातल्या जलदुर्गांचं आयुष्य अशा तलावांवरच ठरायचं.

पण दगडाइतकाच पाऊस महत्त्वाचा. कोकणच्या किनाऱ्यावर लढाईला हंगाम असतो. आगोट जवळ आली की गलबतं खाडीत ओढून शाकारावी लागतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद. म्हणजे बेटाला वेढा घालणाऱ्याकडे वर्षाकाठी फार तर आठ महिने. ज्या चार महिन्यांत त्याला होड्या पाण्यातून काढाव्या लागायच्या, त्याच चार महिन्यांत बेटावरचे तलाव काठोकाठ भरायचे. वेढ्याचं पहिलं हत्यार म्हणजे तहान, आणि पाऊस ते दरसाल बोथट करून जायचा. सिद्दीच्या आरमाराचीही पावसाळ्याची सोय निराळीच होती: माझगाव. मुंबईच्या इंग्रजांना हे शेजार मुळीच आवडत नसे. पण सिद्दी मोगलांचा आरमारी सरदार, आणि सुरतेचा व्यापार मोगलांच्या मर्जीवर. मग नाही कसं म्हणणार? सिद्दीची गलबतं मुंबईच्या आडोशाला सुरक्षित, बेट पावसाच्या आडोशाला सुरक्षित.

महाराजांनी १६५७ पासून हा प्रश्न सोडला नाही. १६६१ ला दंडा-राजपुरी, म्हणजे बेटासमोरचा किनारा, घेतला. १६७१ च्या शिमग्यात सिद्दी कासमनं तो परत मिळवला. शिमग्याच्या रात्री कोकणातला शिपाई कुठे असणार, हे या आफ्रिकी सरदाराला पक्कं ठाऊक होतं! मग महाराजांनी बेटाच्या तोंडावर दुसरं बेट उभं केलं, पद्मदुर्ग. कोट बांधायचा म्हणजे सामान आलं, आणि ते वेळेवर पोचेना तेव्हा प्रभावळीच्या सुभेदाराला, जिवाजी विनायकाला, त्यांनी लिहिलेलं खरमरीत पत्र प्रसिद्ध आहे. प्रभावळी म्हणजे आपल्या लांज्याकडचं प्रभानवल्ली. अधिकाऱ्यानं कशी कानउघाडणी करावी याचा तो आजही नमुना ठरेल. जंजिऱ्याच्या लढाईची रसद अशी रत्नागिरीच्या डोंगरांतून जात होती.

१६७६ च्या वेढ्यात लाय पाटील नावाच्या कोळ्यानं रात्री अंधारात तटाला शिड्या लावल्या. मागून येणारी कुमक वेळेवर आलीच नाही. उजाडायच्या आत शिड्या काढून माघारी फिरावं लागलं. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला, तर दर्यात फिरणाऱ्या माणसाला पालखी कशाला, म्हणून त्यानं नको म्हटलं. मग 'पालखी' नावाचं गलबत बांधून त्याला दिलं गेलं, अशी हकिकत सांगतात. संभाजी महाराजांनी तर १६८२ ला समुद्रच बुजवायला घेतला: किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगड टाकून सेतू. तोफांनी तटाला खिंडारं पडू लागली होती. तेवढ्यात मोगल फौज कोकणात उतरली आणि महाराजांना तिकडे वळावं लागलं.

या शेवटच्या वाक्यात खरी मेख आहे. जंजिऱ्यावर मराठ्यांचं वजन पडू लागलं की दुसरीकडून कुणीतरी हमखास यायचं. सिद्दींनी आपली निष्ठा नेहमी अशा सत्तेला वाहिली जी मोठी आहे, दूर आहे आणि जिला समुद्रावर स्वतःचं आरमार नाही. आधी निजामशहा. १६३६ ला ती शाही बुडाली तसा आदिलशहा. व्यापारी जहाजं आणि मक्केचे यात्रेकरू सांभाळायचे, एवढीच अट. १६७० नंतर औरंगजेब. त्याच्याकडून 'याकूतखान' हा किताब आणि सुरतेच्या महसुलातून लाखांच्या घरात सालाना नेमणूक. त्या बदल्यात मराठ्यांच्या खांदेरी बेटाला शह म्हणून शेजारचं उंदेरी व्यापणं, आणि १६८९ मध्ये खुद्द मुंबईवर चालून जाणं. सिद्दी शिवडीला उतरला, माझगाव-माहीम घेतलं, आणि इंग्रजांना वर्षभर त्यांच्याच किल्ल्यात कोंडून ठेवलं. औरंगजेबापुढे नाक घासून इंग्रजांनी सुटका करून घेतली. पुढे तेच इंग्रज सिद्दीचे पाठीराखे झाले. छोट्या राज्यानं कसं जगावं याचं सिद्दींचं गणित असं सरळ होतं: मालक बदलेल, नोकरी तीच.

या सगळ्याला 'परक्यांविरुद्ध आपण' अशा चौकटीत बसवण्याची घाई होते; ती टाळलेली बरी. पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर जंजिऱ्याचा नव्हे, कर्नूळचा. सिद्दी हिलाल महाराजांच्या बाजूनं लढला. अफझलखानाच्या भेटीला निघालेल्या महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम होता. आणि उलट, हबसाणात राहत कोण होतं? कोळी, आगरी, कुणबी, कोकणी मुसलमान, ब्राह्मण, प्रभू. सिद्दींची घरं मूठभर. दफ्तर लिहायला कारकून आपलेच, जहाजं वल्हवायला हातही आपलेच. मूठभर परक्यांचं राज्य चालतं ते अशाच हजारो हातांनी.

आणि त्या कारकुनांवर येऊन मला थांबावंसं वाटतं, कारण रत्नागिरीचा इतिहास तिथे हबसाणाला जाऊन भिडतो.

पहिली गोष्ट राजापूरची. चिटणीस घराण्यात चालत आलेल्या हकिकतीप्रमाणे आवजी हरी चित्रे हा जंजिऱ्याच्या सिद्दीचा कारभारी. सिद्दीची मर्जी फिरली, त्याला मारलं आणि बायकोमुलांना विकायला काढलं. गुलाम म्हणून आलेल्यांच्या राज्यात कारभाऱ्याची बायको गुलामांच्या बाजारात, काळाचा हा उलटा फेरा पाहा. राजापूरला तिच्या भावानं त्यांना सोडवून घेतलं. त्यातला एक मुलगा बाळाजी. त्याचं अक्षर मोत्यासारखं, डोकं त्याहून लखलखीत. महाराज राजापूरला आले तेव्हा हा मुलगा त्यांच्या नजरेस पडला, आणि बाळाजी आवजी स्वराज्याचा चिटणीस झाला.

दुसरी श्रीवर्धनची आणि चिपळूणची. श्रीवर्धनचे भट हे सिद्दीच्या मुलखातले देशमुख. मराठ्यांचं आरमार सांभाळणाऱ्या आंगऱ्यांशी संधान आहे असा संशय घेऊन सिद्दीनं या घरावर कुऱ्हाड धरली. एका भावाला पोत्यात घालून समुद्रात बुडवल्याची कथा आहे. दुसरा भाऊ, बाळाजी विश्वनाथ, खाडी ओलांडून दक्षिणेला निसटला. चिपळूणच्या मिठागराच्या कामावर तो कारकून होता असं सांगतात. तिथून घाटावर. १७१३ मध्ये तो शाहू महाराजांचा पेशवा झाला.

तिसरी वेळासची. बाणकोटच्या अलीकडचं हे गाव आज कासवांच्या पिल्लांसाठी ओळखलं जातं. पळून आलेल्या बाळाजीला इथल्या भानू बंधूंनी आसरा दिला, सिद्दीच्या माणसांनी अंजनवेलला अडकवलं तेव्हा सोडवायची खटपट केली आणि पुढे त्याच्याबरोबर घाट चढले. मिळेल त्यातली चतकोर भाकरी तुमची, असा शब्द बाळाजीनं दिला होता म्हणे. शब्द पाळला गेला: भानूंना फडणिशी मिळाली. त्यांच्याच घराण्यात नाना फडणीस.

चिटणीस, पेशवा, फडणीस. मराठी राज्याची लेखणी, मसलत आणि जमाखर्च, तिन्ही कामं ज्या घराण्यांकडे गेली, त्यांची वाट सिद्दीच्या धाकामुळे वळली. हबसाणानं जी माणसं बाहेर फेकली त्यांनी पुढे दिल्लीपर्यंतचं राजकारण चालवलं. यातला बखरींचा रंग वजा केला तरी मुद्दा उरतो. सिद्दीनं श्रीवर्धनच्या भटांना सुखानं देशमुखी करू दिली असती, तर आपल्या इतिहासाच्या पुस्तकातली निम्मी पानं वेगळी छापावी लागली असती.

सिद्दींचा पाय खाडीच्या अलीकडेही होता, हे रत्नागिरीतही फार जणांच्या ध्यानात नसतं. सतराव्या शतकाच्या अखेरीस वाशिष्ठीच्या मुखावरचं अंजनवेल त्यांनी घेतलं होतं. खाडीच्या आत चिपळूणजवळचा गोवळकोटही त्यांच्याकडे. म्हणजे वाशिष्ठीचं दार आणि माजघर दोन्ही सिद्दीच्या हाती. रायगडही त्यांच्याच ताब्यात होता. स्वराज्याची राजधानी १७३३ मध्ये मराठ्यांना परत मिळाली ती सिद्दीकडून.

गोवळकोटासमोरच्या डोंगरावर परशुरामाचं देऊळ आहे. तिथले ब्रह्मेंद्रस्वामी म्हणजे पेशव्यांचे गुरू आणि सावकारही. जंजिऱ्याचा सिद्दी त्यांना मान द्यायचा, देवस्थानाला गावं इनाम दिली होती. देवळाच्या बांधकामाला एका बीबीनं पैसा दिला अशीही आख्यायिका आहे: हरवलेली जहाजं परत आली म्हणून. या गुण्यागोविंदाला नख लागलं ते एका हत्तीमुळे. सावनूरच्या नवाबानं स्वामींना पाठवलेला हत्ती वाटेत आंगऱ्यांच्या माणसांनी नेला. गोवळकोट-अंजनवेलचा अंमलदार सिद्दी सात याला वाटलं, यात स्वामींचंच अंग. १७२७ च्या महाशिवरात्रीला, यात्रा भरलेली असताना, त्यानं परशुरामावर घाला घालून देऊळ लुटलं. जंजिऱ्याच्या प्रमुखालाही हे रुचलं नाही. पण स्वामी कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीला गेले आणि तिथून त्यांची पत्रं सुटू लागली. छत्रपतींना, पेशव्यांना, सरदारांना: सिद्दीचा बंदोबस्त करा. एका संन्याशाच्या लेखणीनं इतकी चिवट मोहीम क्वचितच चालवली असेल.

संधी आली १७३३ ला. सिद्दींचा प्रमुख मरण पावला, आणि आता तिथे मुलांचे वारसाहक्क सुरू झाले होते! भाऊबंदकी पेटली, एक पक्ष बाजीराव पेशव्याकडे आला. जोवर राज्याला वारसच नव्हते तोवर बाहेरच्याला बोट शिरकवायला फट नव्हती. वारस आले, फट पडली. माझ्या मते हबसाणाच्या इतिहासातलं खरं वळण हे आहे, कुठल्याही वेढ्यापेक्षा मोठं. मुलूख वाटला गेला, किनाऱ्यावरचे किल्ले गेले. १९ एप्रिल १७३६ ला रेवसजवळ चिमाजी आप्पानं सिद्दी साताला लढाईत मारलं. १७४५ ला तुळाजी आंगऱ्यानं अंजनवेल घेतलं आणि त्याला गोपाळगड हे नाव दिलं. आजही आपण तेच म्हणतो. वाशिष्ठीवरचा हबशी अंमल संपला. बेट मात्र शाबूत.

मग घडला तो प्रकार मला सगळ्यात गमतीचा वाटतो. पुन्हा वारसाचा तंटा, आणि जंजिऱ्याच्या गादीचा दावेदार बाळू मियाँ पुण्यात येऊन बसला. कारभारात नाना फडणीस, म्हणजे वेळासच्या भानूंचे वंशज. १७९१ मध्ये करार ठरला: बाळू मियाँनं जंजिऱ्यावरचा हक्क पेशव्यांना द्यायचा, बदल्यात पेशव्यांनी त्याला सुरतेजवळचा सचिनचा मुलूख द्यायचा. बाळू मियाँ सचिनला जाऊन नवाब झाला. पेशव्यांच्या हाती कागद आला, आणि बेटावर बसलेल्या सिद्दींनी तो कागद ओळखायला साफ नकार दिला. सव्वाशेहून अधिक वर्षं तोफांनी जे मिळालं नाही ते खरेदीखतानंही मिळालं नाही, आणि हिंदुस्थानात एकाच्या जागी दोन सिद्दी राज्यं झाली. याच सचिनच्या नवाब घराण्याशी जोडलं गेलेलं नाव फातमा बेगम, १९२६ मध्ये चित्रपट दिग्दर्शित करणारी आपली पहिली स्त्री. तिची मुलगी झुबेदा पहिल्या बोलपटाची, 'आलम आरा'ची, नायिका.

इंग्रजी अमलात जंजिऱ्याची कहाणी इतर संस्थानांसारखी मवाळ होत जाते. १८३४ ला टांकसाळ बंद झाली, १८७० ला फौजदारी अधिकार गेले, मुरूडला गोरा अधिकारी येऊन बसला. सव्वातीनशे चौरस मैलांचं राज्य, १९०१ च्या शिरगणतीत पंचाऐंशी हजारांवर माणसं, अकरा तोफांची सलामी. शिवाय काठेवाडच्या किनाऱ्यावरचं जाफराबाद याच नवाबाचं. नवाब बेट सोडून मुरूडच्या टेकडीवरच्या राजवाड्यात राहू लागले. फणसाडचं आजचं अभयारण्य ही त्यांची शिकारीची राखीव जागा. नवाब अहमदखानांची बेगम नाझली ही फैझी घराण्यातली. तिची बहीण अतिया फैझी म्हणजे कवी इक्बालांशी बरोबरीनं वाद घालणारी विदुषी. उर्दूतले थोर पंडित शिबली नोमानी मुरूडला पाहुणचार घेऊन गेले. ज्या किनाऱ्यावर शिड्या लागल्या होत्या तिथे आता गझलांच्या बैठकी.

१९४७ नंतर नवाबाचं काही चाललं नाही. प्रजेचा लढा उभा राहिला, तरुणांच्या लोकसेनेनं म्हसळा-श्रीवर्धनात शिरून अंमल ताब्यात घेतला. पुढे केंद्रात मंत्री झालेले मोहन धारिया त्यात आघाडीवर होते. मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन कुलाबा जिल्ह्यात आलं. सचिन सुरतेकडे गेलं, जाफराबाद आज गुजरातच्या अमरेली जिल्ह्यात आहे. कुलाबा जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये बदलून रायगड ठेवलं गेलं, त्या किल्ल्यावरून, जो सिद्दींनी एकेकाळी सांभाळला होता. नाव बदललं तेव्हाचे मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले, गाव आंबेत, तालुका म्हसळा: नवाबाच्या जुन्या महालातला.